समृद्धीवर सरांना काकूंचं बोलणं ऐकू यावं म्हणून: एका हॅचबॅकच्या डॅम्पिंगचं प्रकरण

दार उघडलं तसा आधी डांबराचा वास बाहेर आला, मग माणसं उतरली. मागच्या एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच, नागपूरचं ऊन. उन्हात उभी राहिलेली कोणतीही गाडी तापलेलीच असते, पण हा वास रस्त्यावर नुकतं डांबर ओतल्यासारखा होता. ड्रायव्हरच्या बाजूने काकू उतरल्या, डाव्या बाजूने सर. सर निवृत्त शिक्षक, वय 71, दोन्ही कानांत मशीन. गाडी काकूच चालवतात.

मी गाड्यांच्या आतल्या कामाचा माणूस आहे. सीट, लायनिंग, म्युझिक सिस्टिम आणि गेली काही वर्षं डॅम्पिंग, म्हणजे पत्र्यावर शीट चिकटवून गाडीतला आवाज कमी करणं. डॅम्पिंगसाठी येणारा बहुतेक माणूस म्युझिकसाठी येतो. काकूंची मागणी वेगळी होती. त्यांची मुलगी नाशिकला. समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 ला नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून हे दोघं वर्षातून चार-पाच वेळा गाडीनेच जातात. "घरी आम्ही दिवसभर बोलतो भाऊ," काकू म्हणाल्या. "गाडीत बसलो की शिवमडक्यापासून मुके. मी ओरडते, हे 'काय?' म्हणतात, मी पुन्हा ओरडते. वर्धा येईपर्यंत दोघंही गप्प. मग आठ तास तसेच."

सरांनी शांतपणे त्यात भर घातली, आणि त्या एका वाक्याने मला सगळं काम कळलं. "घरी मी हिच्या ओठांकडे बघतो. गाडीत ही रस्त्याकडे बघते."

जानेवारीत त्यांनी शहरातल्याच एका ठिकाणी 'फुल डॅम्पिंग' करून घेतलं होतं. चारही दारं, सगळी फ्लोअर, डिकी. आवाज थोडा कमी वाटला, असं काकूंचं म्हणणं. मार्चपासून वास सुरू झाला. एप्रिलमध्ये मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेतून काळा ओघळ आला आणि सरांच्या पांढऱ्या पायजम्याला लागला. तो डाग निघाला नाही.

आत काय होतं

मी डाव्या मागच्या दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढलं. वरून सगळं चकचकीत, ॲल्युमिनियमचा कागद, नीट चिकटवलेला. हाताने दाबल्यावर मात्र बोट आत रुतलं. कडेला नख लावलं तर तार सुटली, मधासारखी. ते गच्चीच्या गळतीसाठी विकतात ते बिटुमेनचं, म्हणजे डांबराचं, टेप होतं. गच्चीसाठी ती चांगलीच वस्तू आहे. दिसायला डॅम्पिंगच्या रबरी ब्यूटिल शीटसारखीच, वर तसाच चांदीचा थर, किंमत मात्र बरीच कमी.

इथे बिटुमेनवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगतो. कारखान्यात गाडीच्या फ्लोअरवर जे काळे कडक पट्टे बसवलेले असतात, तेही अनेकदा बिटुमेनचेच असतात. पण त्यांचं मिश्रण त्याच कामासाठी केलेलं असतं आणि रंगाच्या भट्टीत ते पत्र्यावर वितळून पक्के बसतात. गच्चीचं टेप उभ्या दारात लावून मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभं केलं तर ते ओघळणारच. इथे हवाच 45 अंशांच्या वर जाते. उन्हातल्या पत्र्याला तर हात लावता येत नाही.

माझ्याकडे नवीन माल आला की मी त्याचा एक तुकडा शेडच्या पत्र्यावर, पश्चिमेच्या बाजूला, उभा चिकटवतो आणि खडूने वरच्या कडेला रेघ मारतो. आठ दिवसांनी कड रेघेवरच असेल तर माल ठेवायचा. मे महिन्यात ही परीक्षा फुकट होते आणि कोणत्याही पॅकेटवर छापलेल्या आकड्यापेक्षा मला तिच्यावर जास्त भरवसा आहे.

त्या दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी तीन भोकं होती. दोन बुजली होती, ओघळलेल्या बिटुमेननेच. पाऊस नव्हता, तरी गाडी धुतल्याचं पाणी आत साचलं होतं. दार हलवलं की डुचमळायचं. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जाणं हे ठरलेलंच असतं. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच खाली भोकं ठेवलेली असतात, आणि आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून. इथे तो पडदा आधीच्या कामात फाडला होता आणि परत लावलाच नव्हता. म्हणजे चारही दारांत बाहेरच्या पत्र्यापासून पॅडपर्यंत आवाजाला मोकळी वाट. पैसे देऊन गाडी एका बाजूने शांत आणि दुसऱ्या बाजूने उघडी केली गेली होती.

आधी गाडी ऐकायची

काकूंना वाटत होतं की मी लगेच शीट मोजायला घेईन. मी म्हटलं, दोन दिवसांनी सकाळी सहाला या, फिरायला जाऊ.

समृद्धीचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे. टिकायला उत्तम, पण टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त करतो. नागपुरात तर गल्लीबोळातही सिमेंटचे रस्ते, त्यामुळे इथल्या लोकांना हा फरक शहराबाहेर डांबरी तुकडा लागला की चटकन कळतो. आम्ही शिवमडक्याहून वर्ध्याच्या दिशेने निघालो. काकू चालवत, सर शेजारी, मी मागे. मोबाइल दोन्ही पुढच्या सीटच्या मधे, कानाच्या उंचीवर पट्ट्याने बांधलेला. काचा बंद, ब्लोअर एकवर. मोबाइलमधलं डेसिबलचं ॲप खरा आकडा देत नाही, पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग ठेवला तर आधी आणि नंतर यांतला फरक बऱ्यापैकी सांगतो. ताशी 80 ला ते 73 दाखवत होतं.

आकड्यापेक्षा मला मागे बसून जे ऐकू आलं ते महत्त्वाचं. टायरच्या खर्र आवाजाखाली एक घूं होती, भुंग्यासारखी, वेगाबरोबर चढणारी. काकूंना क्लच दाबायला सांगितला. इंजिनचा वेग खाली आला, घूं तशीच. रस्ता मोकळा होता, त्यांना हलकेच उजवीकडे लेन बदलायला सांगितली. घूं वाढली. डावीकडे परत येताना कमी झाली. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. वर्कशॉपमध्ये चाक उचलून एका हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर तळव्याला खरखर स्पष्ट लागली.

मग टायर. बाजूवर शेवटचे चार आकडे 2317, म्हणजे 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक होती, म्हणून कोणाला बदलावेसे वाटले नव्हते. रबर मात्र कडक झालं होतं आणि आतल्या कडेला करवतीसारखे दात पडले होते. तिथून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर टोचतं. हवा 40, चारही चाकांत. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर 32 सांगत होतं. पंपावरचा मुलगा 'हायवेला जाता ना, जास्त टाकतो' म्हणाला होता म्हणे. इतक्या फुगलेल्या कडक टायरवर काँक्रीटचा प्रत्येक खडा थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो, आणि समृद्धीवर कारला 120 ची मुभा असताना असे टायर घेऊन जाणं मला धोक्याचंही वाटतं.

मी काकूंना सरळ सांगितलं की शीटचे पैसे आज देऊ नका. आधी बेअरिंग, टायर, हवा. त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण त्या आवाजासाठी आल्या होत्या आणि मी त्यांना टायरच्या दुकानात पाठवत होतो. आठवड्याने परत आल्या तेव्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ॲपने 70 दाखवलं. एकही शीट न लावता.

तीन डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतात. ऊर्जेच्या हिशोबात तीन डेसिबल कमी म्हणजे आवाज निम्मा. पण कान तसा हिशोब करत नाही, त्याला 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. यातच या धंद्यातली फसगत आहे. समजा दोन सारख्या आवाजांपैकी एक तुम्ही पूर्ण बंद केला, तरी मीटर फक्त तीनने उतरतं. म्हणून एकच गोष्ट, कितीही महाग, सगळीकडे चिकटवून गाडी शांत होत नाही. सगळ्यात मोठ्याने कोण ओरडतंय ते शोधायचं, त्याला गप्प करायचं, मग पुढचा.

वीस शब्द

मीटरवर माझा फार जीव नाही. इथे प्रश्न बोलण्याचा होता, म्हणून बोलणंच मोजायचं ठरवलं. काकूंनी वीस साधे शब्द कागदावर लिहिले आणि प्रत्येक फेरीला क्रम बदलून पाठ केले. गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हणायचा. सरांनी समोर बघत वहीत लिहायचा.

पहिल्या फेरीत सरांचे सात बरोबर आले. ती वही मी पाहिली. शिक्षकाचं सुरेख अक्षर, आणि चुका अशा: 'पाटी' च्या जागी 'काठी'. 'ताट' च्या जागी 'पाट'. 'साल' च्या जागी 'चाल'. 'खिडकी' बरोबर. स्वर सगळे जागेवर होते, चुकलं होतं ते व्यंजन.

याला कारण आहे. आ, ई, ओ हे स्वर जाड आणि दणकट असतात. स, त, प, क यांना वेगळं करणारी कुजबुज बारीक, उंच स्वराची आणि क्षीण असते. वय झालं की कान आधी तीच गमावतो. शिवाय खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले बारीक आवाजही झाकतो, त्यामुळे टायरची घरघर नेमकी त्या कुजबुजीवर पांघरूण घालते. कानातली मशीन बोलणं वाढवते तशी घरघरही वाढवते. म्हणून श्रवणयंत्रवाल्या माणसाला गाडीत दोन-तीन डेसिबलची सूटसुद्धा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट मी सरांना सांगितली, जी माझ्या कामाची नव्हती. पुष्कळ मशीन समोरून येणारं बोलणं पकडतात आणि बाजूचं, मागचं दाबतात. घरात समोरासमोर ते बरोबर. गाडीत बायको उजवीकडे असते. मशीन बसवून देणाऱ्याला गाडीसाठी वेगळी सेटिंग करता येते का, ते विचारा म्हटलं. त्यांनी विचारलं, आणि झाली.

टायर आणि बेअरिंगनंतरच्या फेरीत वीसपैकी अकरा आले.

बिटुमेन काढणं

या कामात सगळ्यात जास्त वेळ जुनं काढण्यात गेला. चार दिवसांपैकी दोन दिवस. उन्हात मऊ झालेलं बिटुमेन खरवडायला गेलं की ते पसरतं, हाताला लागतं, हातावरून सीटला लागतं. फ्लोअरसाठी ड्राय आइस आणला. जाड हातमोजे, शेडचे दोन्ही दरवाजे सताड उघडे, कारण तो वितळत नाही, त्याचा थेट कार्बन डाय-ऑक्साइड वायू होतो आणि बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. तुकडे पसरून पाच-सात मिनिटं थांबलो. मग लाकडी हातोडीची हलकी टिचकी, आणि बिटुमेन काचेसारखं तडकून तुकड्यातुकड्यांनी सुटलं. ज्या मुलाने हे आधी पाहिलं नव्हतं तो कितीतरी वेळ नुसता टिचक्याच मारत बसला.

दारांत ड्राय आइस टिकत नाही. तिथे प्लॅस्टिकची खरवडणी, रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग कोरडं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल. रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर नवी शीट वर्षभरात सुटते, म्हणून शेवटचा पांढरा कपडा पांढराच परत आला पाहिजे.

ड्रायव्हरच्या पायाखालचं टेप निघालं तेव्हा खाली गंजाचे ठिपके दिसले, डाळीएवढे, पंधरा-वीस. ओल्या किंवा धुळीच्या पत्र्यावर चिकटवल्याचं हे फळ. घासून, गंज मारणारं औषध लावून, प्रायमरचे दोन हात दिले आणि रात्रभर वाळू दिलं. फ्लोअरच्या पत्र्यातली दोन रबरी बुचंही गायब होती. रुपयाएवढी दोन भोकं, थेट रस्त्यावर उघडणारी. आवाज अडवण्याच्या कामात भोकाला किती किंमत असते ते सांगतो. एखाद्या भिंतीत शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी भिंत कितीही जड केली तरी 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. काही रुपयांची बुचं नसताना हजारोंच्या शीट लावल्या होत्या.

ताट आणि बोट

नवं काम सुरू करताना सर खुर्ची टाकून बसले. त्यांना प्रत्येक गोष्ट कशासाठी ते कळायला हवं होतं, आणि मला सांगायला आवडतं.

स्टीलचं ताट चमच्याने वाजवा, घणघणत राहतं. मधोमध एक बोट टेकवून वाजवा, 'ठक' होऊन थांबतं. आख्खा पंजा ठेवायची गरज पडत नाही. दाराचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, मोठा आणि सपाट, तेच ताट. ब्यूटिलची शीट हे बोट. ब्यूटिल म्हणजे ट्यूबचं रबर. वरचा ॲल्युमिनियमचा थर नुसता शोभेचा नाही. पत्रा थरथरतो, वरचा थर ताणला जायला नकार देतो, मधलं रबर दोघांत रगडलं जातं आणि थरथर उष्णतेत जिरते. हे गणित एडवर्ड कर्विन या अमेरिकन अभियंत्याने 1959 मध्ये मांडलं, आणि आजही या शीटचं काम त्याच तत्त्वावर चालतं. म्हणून पत्र्याचा मधला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. उरलेल्या भागावर लावाल तसं वजन वाढतं, बिल वाढतं, शांतता फारशी वाढत नाही.

पण ताटावरचं बोट बाहेरून येणारा आवाज अडवत नाही, ते फक्त ताटाचं घणघणणं थांबवतं. अडवायला वजन लागतं. त्यासाठी व्हिनाइलची जड शीट, एका चौरस मीटरला सुमारे पाच किलो, आणि तिच्याखाली बंद पेशींचा फोम, म्हणजे पत्र्याची थरथर तिला लागू नये. तिसरं काम शोषण्याचं. ते मऊ, उघड्या पेशींचा फोम किंवा फेल्ट करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आवाज नीट शोषायचा तर जाडी त्याच्या लहरीच्या पाव भागाच्या जवळपास लागते. 1000 हर्ट्झला ती साडेआठ सेंटिमीटर होते, 100 हर्ट्झला 86. दहा मिलिमीटरचा फोम लावून टायरची घरघर शोषली जाईल असं जो सांगतो, त्याला मी हेच दोन आकडे विचारतो.

बसवणं

बॅटरीची तार काढली आणि दहा मिनिटं थांबलो, मगच सीटखालच्या जोडण्यांना हात लावला. पिवळ्या रंगाची वायर एअरबॅगची असते. ती सुटी असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर लावेपर्यंत जात नाही. सीट आणि बेल्टचे बोल्ट परत कसताना टॉर्क रेंच, आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला. हे बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवतात. तिथे 'हाताला कळतं' हे मी चालू देत नाही.

ब्यूटिल दोन मिलिमीटरचं घेतलं. सगळ्यात जास्त माल मागच्या चाकांच्या कमानींवर, आतून पूर्ण. काँक्रीटचा आवाज तिथूनच सगळ्यात जास्त येतो आणि या गाडीत मागच्या कमानींना बाहेरून लायनिंगही नव्हतं. बाहेरून रबरी अंडरकोटचे दोन हात दिले. फ्लोअरवर चार पायजागांच्या मध्यभागी आणि मधल्या बोगद्यावर. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. दारांत बाहेरच्या पत्र्यावर मधोमध, काच खाली येते ती वाट सोडून, तळाशी चार बोटं जागा मोकळी ठेवून.

ही चार बोटं मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गाडीत मी शीट अगदी तळापर्यंत नेली होती, एक भोक अर्धं झाकलं गेलं. पावसाळ्यानंतर त्या माणसाचं दार खालून फुगलं. ते मी माझ्या खर्चाने रंगवून दिलं, आणि तेव्हापासून शीट लावण्याआधी प्रत्येक भोकात रंगीत काडी खोचून ठेवतो. काम झाल्यावर काड्या मोजायच्या.

रोलर फिरवण्याचं काम घाईचं नाही. ॲल्युमिनियमवर हिऱ्याच्या आकाराची उठावाची नक्षी असते, ती सपाट होईपर्यंत दाबायचं. नक्षी दिसते तिथे खाली हवा आहे. कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे लागतातच. एक दार झालं की मी सरांना बोलावलं. आधी न केलेल्या दारावर बोटाची पेरं मारायला सांगितली: टण. मग केलेल्यावर: ठक. त्यांनी मशीन काढून, कान पत्र्याला लावून पुन्हा दोन्हीकडे मारलं, आणि मान डोलावली. त्यांना ते हाडातून कळलं असावं.

फ्लोअरवर फोम आणि त्यावर व्हिनाइल, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, पायथ्यापासून मागच्या सीटपर्यंत, पुढे कमानींवरून. सांधे टेपने बंद. वर कार्पेट. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: खाली जाडी वाढली की पेडलची जागा कमी होते. ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच तिन्ही पूर्ण दाबून पाहिले. ॲक्सिलरेटरखाली कार्पेट टेकत होतं, म्हणून तेवढ्या भागातला फोम काढून टाकला. दारांना नवीन प्लॅस्टिकचा पडदा, ब्यूटिलच्या दोरीने चहूबाजूंनी बंद. नव्या गाड्यांपैकी काहींच्या दारात एअरबॅगसाठी दाब ओळखणारा सेन्सर असतो. तशा गाडीत आतल्या पत्र्याची भोकं शीटने बुजवायची नाहीत. या गाडीत तो नव्हता.

दाराची बिडिंग, म्हणजे कडेचं रबर, कागदाच्या पट्टीने तपासली. पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायची. घट्ट आली तर ठीक. मागच्या डाव्या दारात ती वरच्या कोपऱ्यातून सहज निसटली. बिडिंग खाचेतून निघालेली होती, एवढंच. दाबून बसवली.

काकूंना छतही करून हवं होतं, ऊन कमी लागेल म्हणून. मी नाही म्हटलं. छताचं लायनिंग काढताना त्याला घडी पडली तर ती कायमची, आणि टायरच्या आवाजाला छताचा काही उपयोग नाही. ते काम हिवाळ्यात, वेगळं बघू. एकूण वजन साधारण 24 किलो वाढलं. हे मी बिलावर लिहून दिलं, आणि गाडीचं एक साधं चित्र काढून कुठे काय लावलंय तेही. पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर त्या मिस्त्रीला खाली रबर आहे हे माहीत असायला हवं, नाहीतर आग लागते.

नंतर

त्याच रस्त्यावर, 80 ला, ॲपने 67 दाखवलं. 73 वरून 67, आणि त्यातले पहिले तीन टायर-बेअरिंगचे. वीस शब्दांपैकी सोळा. 'पाटी' पाटीच लिहिली होती. 'साल' अजूनही 'चाल'. ताशी 100 च्या पुढे आरशांभोवतीच्या वाऱ्याचा आवाज येतो, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. काकू आता 85-90 ने जातात.

परतीच्या वाटेवर काकूंना एक नवा आवाज ऐकू आला, टिक-टिक, मागून. टायरचा आवाज खाली गेल्यावर आधी झाकलेले छोटे आवाज वर येतात, हे दर वेळी होतं. मागच्या बेल्टची लोखंडी जीभ खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटत होती. फेल्टचा दोन इंचांचा तुकडा लावला.

जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर, गाडी बोलावून घेतली. वास नव्हता. बाहेरून प्रत्येक दाराच्या काचेवर एक मग पाणी ओतलं आणि खाली वाकून बघत बसलो. तीन दारांतून पाणी लगेच धारेने बाहेर आलं. उजव्या मागच्या दारातून थेंबथेंब. पॅड काढलं तर पडदा चिकटवायच्या ब्यूटिल दोरीचा एक लांबट तुकडा सुटून खाली पडला होता आणि भोकात अडकला होता. माझ्याच हातून राहिलेला. तो काढला, पुन्हा मगभर पाणी ओतलं. सर छत्री धरून उभे होते. काकू गाडीतून काहीतरी म्हणाल्या, काच बंद होती, मला ऐकू आलं नाही. सरांनी तिच्याकडे बघून मला सांगितलं, "ती म्हणते, चहा घेऊन जाऊ."